बोंबलणारा बँड

आर्णीच्या स्टँडवर माझ्या मागच्या बाकावर गिटार घेतलेला एक पोरगा बसला होता. शेजारच्या म्हाताऱ्यानं त्याला ओळखलं.

"काय रे जमीर, तुमचा तो बोंबलणारा रॉक बँड कुठं गेला?"

"बुडाला, भगवानकाका."

"काहून? घाटंजीच्या बाजारात तर लोकं झाडावर चढून ऐकत होते. कापसाच्या भावावर काय शिव्या देत होते तुमी!"

"तेच ऐकून बियाण्याच्या कंपनीनं बोलावलं. म्हणे, असाच आवाज पाहिजे."

"मंग?"

"चाल तीच ठेवली. शिव्या काढल्या अन् बियाण्याचं नाव टाकलं."

"अन् तुमच्या भरवशावर आमी ते पेरलं. बोंडाबोंडात अळ्या निघाल्या."

"बँडमधला कपिल म्हणे, गावोगाव जाऊन माफी मागू. परवेज म्हणे, आपण कलाकार, आपण कायले मागावं? तिथंच फुटलो. आता दोघं बोलत नाहीत."

"अन् तू कोनाकडून होता?"

"मी गप होतो, काका. मले कंपनीनं ठेवून घेतलं."

"कशाले?"

"अळीच्या औषधाचं गाणं म्हणायले."

"मंग म्हणून दाखव ना. अळ्यायले तुहं बियाण्याचं गाणं लय मानवलं होतं."