घाई करायची नाय, भगवंता!

...आता मला सांगा, टेबलावर ठेवायचा एक वायरलेस निवडायला मानसाची वरसंच्या वरसं जावीत का? आमी पोरगी बघताना एवढी चवकशी केली नव्हती राव!

तुमाला सांगतो, मी पिंपरी पेंढारचा, आन् माझा दोस्त खेमचंद जुन्नरच्या बाजारपेठेतला कापडवाला. दोघांनी मिळून हॅम रेडिओची, म्हंजी हौशी वायरलेसवाल्यांची, परीक्षा दिली, लायसन काडलं. त्यानं लगीच गच्चीवर अँटेना ठोकून घरी बेस स्टेशन बसवलं, म्हंजी ह्यो मोठा सेट! आन् माझ्याकडं हातातला बारका. मधी डोंगर! मी हिकडून वरडायचो आन् माझा आवाज माझ्याच कांद्याच्या वावरात पडायचा. मग मलाबी बेस स्टेशन पायजे का नको?

आमची प्रयागबाई म्हनली, "अवो, फोन हाय की खिशात!" आता हिला काय सांगू? फोनवर मानूस कामाचं बोलतं. बिनकामाचं बोलाय वायरलेसच लागतो!

दर बाजाराला खेमचंदच्या गादीवर जाऊन बसायचो. पन्नास वॅटचा घेतो म्हटलं, तर "शंभरचा बघ." शंभरचा घेतो म्हटलं, तर "लाईट गेल्यावर काय करशील? बॅटरीवर चालणारा बघ." त्यो बघितला, तर म्हनं "दिवाळीला नवीन मॉडेल येतंय. घाई करायची नाय, भगवंता!" हाच गडी गिऱ्हाइकाच्या गळ्यात बघता बघता लुगडं मारतो, आन् माझ्या टायमाला... घाई करायची नाय!

आन् एका बाजाराला गेलो, तर गादी रिकामी. त्याची बायको उगमबाई म्हनली, "भाऊजी, हे दीक्षा घेतायत."

दीक्षा! म्हंजी जैन साधू व्हनार! म्हंजी फोन नाय, माईक नाय, गाडी नाय, विजेच्या बटनाला बोट नाय! पळत वर गेलो. म्हटलं, "आरं, उद्याच सेट आनतो, कसलाबी आनतो, थांब की जरा! घाई करायची नाय, खेमचंदा!"

तर हसला. म्हनला, "ह्यात उशीरच झालाय, भगवंता."

मग काय... वरघोडा निघाला, म्हंजी दीक्षेची मिरवणूक, बँड वाजला, गडी रथातून दोन्ही हातांनी पैसं, कापडं उधळत चालला. घरातलं समदं वाटून टाकलं, आन् त्याचं बेस स्टेशन? माझ्या पदरात! रडू आलं का? न्हाई. राग आला का? त्योबी न्हाई. नुसता सेट काखंत मारून उभा. दुसऱ्या दिशी दीक्षा झाली, आन् ज्याच्या पाठीत गुद्दा घालायचो त्याच्या पाया पडलो. "धर्मलाभ," म्हनले महाराज, आन् चालत गेले. आता कुठल्या मुलखात हायेत, उगमबाईलाबी नीट ठाव न्हाई.

सेट बसवला. लई भारी! डोंगर न् बिंगर, कायबी आडवं येत न्हाई. परवा कालिजातल्या सेटवरनं सांगलीचा एक गडी लागला. "काका, आवाज एकदम खणखणीत! मलापण घरी बेस स्टेशन घ्यायचंय, कुठला घेऊ?"

म्हटलं, "बोलायचं कुनाशी?"

"मित्राशी. कराडला असतो."

म्हटलं, "कराडला यष्टी जाती ना? मग जा की, बाबा!"