मोठ्याने वाचण्याची परवानगी

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, आज ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत ते आमचे सर, त्यांच्या शेजारी बसलेल्या वहिनी, आणि छापखान्यातल्या माझ्या सगळ्या सोबत्यांनो,

आधीच्या वक्त्यांनी सरांच्या संयमाचं पुष्कळ कौतुक केलं. ते योग्यच आहे. पण याच सरांनी मला वर्गातून जवळजवळ काढलं होतं, हे काही कुणी बोललं नाही. मी सांगू का, असं काल त्यांनाच विचारलं. ते म्हणाले, सांगाच.

बाहेरून आलेल्या पाहुण्यांसाठी सांगते, मी इथे सव्वीस वर्षं मुद्रितशोधक होते. छापायच्या आधी मजकुरातल्या चुका शोधायच्या, हे काम. चार वर्षांपूर्वी आमचा विभाग बंद करायचं ठरलं. ज्यांना कोडिंग जमेल त्यांना नव्या कामावर घेणार, बाकीच्यांनी खाली बांधणी विभागात जायचं. तेव्हा माझं वय एकावन्न. मुलीने घरी संगणक लावून दिला आणि म्हणाली, आई, तुला जमेल. तिचं काय जातंय म्हणायला?

छापखान्यात काही वर्षांपासून चालणाऱ्या सरांच्या कोडिंगच्या वर्गात मी नाव घातलं. सर शिकवायचे ते फळ्यावर चौकोन काढून. चौकोनातून बाण, बाणातून दुसरा चौकोन. शेजारची मंडळी माना डोलवायची, मीही डोलवायचे. खरं सांगते, मला त्या फळ्यावर फक्त चौकोन दिसायचे. घरी वहीत तेच चौकोन पट्टी घेऊन सुबक काढले, तरी कोऱ्या पडद्यासमोर बसले की डोकं रिकामं. दीड महिना असा गेला. दोन चाचण्यांत मी सगळ्यांच्या मागे.

मग सरांनी मला बोलावलं. अगदी सौम्यपणे म्हणाले, की प्रत्येकाला हे यायलाच हवं असं नाही, तुम्ही उगाच स्वतःला त्रास करून घेताय, मी वर कळवतो. मी मान हलवली. स्वच्छतागृहात जाऊन रडले, तोंड धुतलं, आणि वर्ग सोडत असल्याचा अर्ज लिहून पर्समध्ये ठेवला.

तो द्यायला दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत वर्गात गेले, तर सर नव्हते. टेबलावर सरांच्या नमुना प्रोग्रामचा छापील कागद पडला होता. हातात कागद आला की मी काय करणार? वाचायला लागले, आणि तेही मोठ्याने. कारण आमच्या विभागात तीच पद्धत. एकीने मोठ्याने वाचायचं, दुसरीने मूळ प्रतीवर नजर ठेवायची. सव्वीस वर्षं मी वाचणारी होते, स्वल्पविरामसुद्धा तोंडाने म्हणणारी. वर्गात शांतता पाळायची होती, म्हणून तिथे मी ओठ मिटून बसत होते.

पुस्तकाचं प्रत्येक पान तपासणारा तो प्रोग्राम होता. मी वाचलं, पहिल्या पानापासून सुरू कर, पानाचा आकडा शेवटच्या पानापेक्षा लहान असेपर्यंत पुढे जा. आणि अडखळले. पुन्हा वाचलं. ‘पेक्षा लहान’ म्हटलं तर शेवटचं पान तपासायचं राहूनच जातंय की!

मागे वळून पाहिलं तर दारात सर, हातात चहाचा कप. मी कागद खाली ठेवला. ते म्हणाले, “पुन्हा वाचा.” मी वाचलं. सर खुर्चीवर बसले. ती चूक त्या कागदावर तीन वर्षं होती. तीन वर्षांत वर्गातल्या कुणाला दिसली नव्हती, सरांनाही नाही.

“बाई, हे तुम्हाला कसं कळलं?”

“कानाला खटकलं,” मी म्हणाले.

मग सरांनी आमच्या विभागाबद्दल, वाचायच्या पद्धतीबद्दल खूप विचारलं. त्यांचा चहा गार झाला. शेवटी म्हणाले, “मी चौकोन काढल्याशिवाय विचारच करू शकत नाही. मला वाटायचं, सगळ्यांच्याच डोक्यात चौकोन असतात.”

अर्ज पर्समध्येच राहिला. सरांनी मला शेजारची कागदाचे गठ्ठे ठेवायची खोली उघडून दिली. तिथे मी रोज तासभर गठ्ठ्यांच्या मधोमध बसून मोठ्याने वाचत, कंससुद्धा तोंडाने उघडत आणि बंद करत होते. सर कोऱ्या पडद्यावर प्रोग्राम लिहायला सांगायचे नाहीत, आधी मुद्दाम चुका घातलेला द्यायचे. तो दुरुस्त करता करता लिहिणं आलं. घरी मुलीला ऐकवायचे. ती म्हणायची, आई, हळू, मला समजत नाहीये. अंतिम परीक्षेत मोठ्याने वाचता यावं म्हणून मला वेगळी खोली द्यावी असा अर्ज केला, त्यावर पहिली सही सरांची. शंभरात एकसष्ट गुण मिळाले. आज आपल्याकडे छापायला जाणारं प्रत्येक पुस्तक मी लिहिलेल्या तपासणीतून जातं.

पण मला सरांबद्दल जे सांगायचं आहे, ते खरं तर यानंतरचं आहे. माझा निकाल लागला त्या दुपारी सर जिना उतरून बांधणी विभागात गेले. मी मागोमाग होते. तिथे आमचे एक बांधणीकार आहेत, ते पाहा, तिसऱ्या रांगेत संकोचून बसलेत. आदल्या वर्षी सरांनी त्यांनाही त्याच सौम्य शब्दांत वर्गातून परत पाठवलं होतं. त्यांनी हातातला दाभण बाजूला ठेवला आणि उभे राहिले. सरही उभेच. सर म्हणाले, “माझी तुम्हाला एक गोष्ट विचारायची राहिली होती.”

“काय, सर?”

“तुम्हाला एखादी गोष्ट समजते, ती कशी समजते?”

बांधणीकारांनी आपल्या हातांकडे पाहिलं आणि म्हणाले, “हे मला आजवर कुणी विचारलंच नाही.”

सरांनी जवळचं एक स्टूल ओढलं आणि त्यांच्यासमोर बसले.

अध्यक्ष महोदय, आपण मला बोलू दिलंत, सभागृहाने शांतपणे ऐकून घेतलं, मी ऋणी आहे. वहिनी, आता सर तुमच्या ताब्यात. बोलण्याच्या भरात वेळेचं भान सुटलं असेल किंवा कुणाचा उल्लेख राहिला असेल, तर तो दोष माझा समजून उदार मनाने पोटात घाला. नमस्कार.