निकालावरची पट्टी

ताई : माझं काय सांगतोयस? सही तूच करायचीस. तीनच्या आत बाबांच्या ऑपरेशनचा फॉर्म हॉस्पिटलात द्यायचाय आणि तू माझ्या चष्म्याची दांडी कुरवाळत बसलायस.

धाकटा : दांडीचा स्क्रू झिजलाय, ताई. आणि बाबा म्हणाले, नातेवाइकाच्या जागी सही ताईचीच हवी. स्वतःची त्यांनी सकाळीच ठोकली.

ताई : बाबांना काय जातंय म्हणायला! खुब्याचं हाड मोडलंय, वयही कमी नाही. माझ्या हाताला यश नाही, माहितीय ना तुला? आईच्या वेळी बघितलंस की.

धाकटा : ताई...

ताई : नको. विषय नको. तुझ्या दुकानात हात पुसायला फडकं तरी आहे का? या खणात असेल... हे काय?

धाकटा : तो खण नको उघडू.

ताई : उघडला. वही आहे. आणि पानापानावर पांढऱ्या पट्ट्या. चष्म्यांना लावतोस ती किमतीची लेबलं ना ही? खाली काय झाकलंयस?

धाकटा : चष्मा नसताना एवढं दिसलं तुला?

ताई : तुझे उद्योग बघायला मला चष्मा लागत नाही. पत्त्यांच्या शिकवणीची वही आहे ही. हो की नाही?

धाकटा : पोकरच्या. हो.

ताई : लोक पोरांना गणिताची शिकवणी लावतात. हा पंचेचाळिशीचा घोडा पैसे मोजून पत्ते शिकायला जातो, आणि हरलेलं बायकोपासून लपवायला लेबलं डकवतो. थांब, सांगतेच तिला.

धाकटा : सांग. निम्म्या पट्ट्या तिनेच लावल्यात.

ताई : काय?

धाकटा : मी लावल्या की मीच चोरून उचलून बघतो. म्हणून हल्ली ती लावते, नख लागणार नाही अशा दाबून.

ताई : दोघांनाही वेड लागलंय. बरं, जिंकतोस तरी का?

धाकटा : शुक्रवारी दातांच्या डॉक्टरांकडे बसतो आम्ही पाच जण. पूर्वी दर शुक्रवारी हरायचो. आता एकाआड एक हरतो.

ताई : म्हणजे फी वसूल नाही.

धाकटा : या जन्मात तरी नाही. मास्तरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, कमवायला आला असाल तर फी देऊच नका, तेवढीच कमाई.

ताई : लुटारू तो लुटारू, वर प्रामाणिक! कोण आहेत हे मास्तर?

धाकटा : आयुष्यभर बसगाड्यांची वेळापत्रकं लावायचे. लाँड्रीच्या वर खोली आहे, तिथे शिकवतात. खालून इस्त्रीची वाफ, वर आम्ही चार बावळट.

ताई : आणि ते पट्ट्या चिकटवायला शिकवतात.

धाकटा : हो, खरंच तेच शिकवतात. आता हे बघ. समज, माझ्या हातात दोन एक्के आहेत. समोरच्याकडे सत्ती आणि दुर्री, म्हणजे कचरा. मी सगळं लावलं. दहातून आठ-नऊ वेळा मीच जिंकणार. पण टेबलावर मांडलेल्यातलं शेवटचं पान उलटलं आणि तो जिंकला. मग माझं चुकलं का?

ताई : हरलास ना? मग चुकलंच.

धाकटा : मीही हेच म्हणालो. मास्तरांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, शेवटचं पान तुम्ही छापलंत का? मग त्यांनी हा नियम घालून दिला. डाव झाला की लिहायचं, त्या क्षणी मला काय ठाऊक होतं आणि मी काय ठरवलं. निकालावर पट्टी. आठ दिवसांनी पट्टी न काढता वाचायचं आणि सांगायचं, ठरवलेलं बरोबर की चूक.

ताई : आमच्या कारखान्यात असं केलं तर हाकलून देतील. मी कापड बेतते. एकदा कात्री चालली की चालली. सदरा बिघडला तर कोण विचारतं तुला काय ठाऊक होतं ते?

धाकटा : आणि कापडच पाण्यात आटणारं निघालं तर?

ताई : तर कापडाचा दोष. माझा कसा?

धाकटा : हं.

ताई : हं काय?

धाकटा : काही नाही. चष्मा झाला. घाल. आणि आता वही उघडलीच आहेस, तर शेवटचं पान वाच.

ताई : मला नाही वाचायचे तुझे एक्के-दुर्र्या.

धाकटा : एक्के नाहीत त्यात. वाच ना.

ताई : "आई. सही ताईची. त्या दिवशी ठाऊक होतं ते : औषधांवर ठेवलं तर चार-पाच महिने, तेही धापा टाकत. ऑपरेशन केलं तर दहातले आठ जण चालत घरी जातात. आई म्हणाली, मला पुन्हा जिना चढून गच्चीत जायचंय." ... हे तू कधी लिहिलंस?

धाकटा : पुढे वाच.

ताई : "ताईने तीन डॉक्टरांना विचारलं. मी एकालाही नाही. ठरवलेलं : बरोबर." आणि खाली पट्टी.

(ताई वही मांडीवर ठेवते.)

धाकटा : आई गेली त्या दिवशी मी तुला एक वाक्य बोललो होतो.

ताई : पाण्याच्या मशीनजवळ. "तू सही केली नसतीस तर आई आज असती."

धाकटा : लक्षात आहे तुझ्या.

ताई : लक्षात? अरे चष्म्या, त्या दिवसापासून मी कापड दहा-दहा वेळा मोजते. कारखान्यातल्या पोरी हसतात. महागाचं रेशीम आलं की दुसरीकडे सरकवते. मला वाटतं, माझा हात लागला की वाटोळंच होणार.

धाकटा : मी नुसतं शेवटचं पान बघून बोललो, ताई. आणि तुला एक सांगतो, डॉक्टरांनी फॉर्म काढला तेव्हा मी चहा आणायला गेलो होतो ना? मला चहा नको होता. मी पळालो होतो. तू एकटी बसलीस तिथे, एकटीने विचारलंस, एकटीने सही केलीस. आणि वर मीच तोंड वर करून तुला बोललो.

ताई : मग दोन वर्षं गप्प का बसलास?

धाकटा : माफी मागायला तोंड नव्हतं. पट्टी लावायला लागल्यावर कुठे कळलं, माफी कशाची मागायची ते.

ताई : रडू नको. लेन्सवर पाणी पडतंय.

धाकटा : तुझ्याच लेन्सवर पडतंय. चष्मा काढ आणि पूस.

ताई : फडकं दे मग. कधीची मागतेय.

धाकटा : घे. तुझे उपकार मानायचे राहिले होते, ताई. आईसाठी. ते आज मानतो.

ताई : उपकार कसले डोंबलाचे! पण बोललास ते बरं केलंस. फार बरं केलंस. छातीवरचा दगड कुणीतरी उचलल्यासारखं झालंय. तो फॉर्म दे इकडे.

धाकटा : मी करू का सही? आज पळणार नाही मी.

ताई : माहितीय. पण बाबांनी मला सांगितलंय. काल दोघा डॉक्टरांना विचारून झालंय माझं. हाड नाही बसवलं तर बाबा कायमचे अंथरुणाला खिळतील, बसवलं तर बहुतेक चालतील. बाबांनाही तेच हवंय. पेन? ... हं. झाली.

धाकटा : या वेळी दहादा मोजलं नाहीस.

ताई : मोजलं, काल रात्रभर. तू झोपला होतास. तुझे ते मास्तर फी किती घेतात म्हणालास?

धाकटा : म्हणालोच नाही. तू लुटारू म्हणालीस त्यांना.

ताई : म्हणाले. त्यांना माझा नमस्कार सांग. आणि त्यांच्या सदऱ्याचं माप घेऊन ये. मी बेतीन. रेशमाचा.

धाकटा : रेशमाचा?

ताई : हो, रेशमाचा. आता नवीन पान काढ. लिही : "बाबा." खाली मी आता सांगितलं ते सगळं. ठरवलेलं : बरोबर. लिहिलंस? आता लेबलांचं पाकीट दे, पट्टी मी लावते.

धाकटा : अगं, खाली निकाल अजून लिहिलेलाच नाही.

ताई : तरी. तू चोरून बघतोस.