वर फिरवलेलं हँडल

यासीनभाई : ...म्हणून तर विचारतो दौलत, ही रेसची सायकल आहे की वरात?

दौलत : आधी ही माझीच आहे का ते सांग, यासीनभाई.

यासीनभाई : फ्रेम का नंबर देख ले. तुझीच. सकाळी तुझा बाप ढकलत घेऊन आला. बोलला, पोरगा मामाकडून बरा होऊन येतोय, सात महिन्यांनी सायकल बघेल, तेलपाणी करून ठेव. एकदम खूश झाला पाहिजे.

दौलत : रेसच्या सायकलला मडगार्ड?

यासीनभाई : दोन. मागच्याला रबरी फ्लॅप पण आहे. त्याच्यावर मोर.

दौलत : डायनॅमो. चेनकव्हर. स्टँड. आणि हा आरसा कशाला?

यासीनभाई : आरसा सरपंचांकडून. पूरे गाँव ने सजाया है. तुझी तब्येत विचारायला जो आला, तो काहीतरी ठोकूनच गेला.

दौलत : उतरव सगळं. सव्वीस जानेवारीच्या शर्यतीला तीन आठवडे राहिलेत. गेल्या साली एका चाकाने हरलो. या वर्षी डॉक्टर बोललेत, छातीत पाणी राहिलं नाही, हळूहळू चालवायला लाग. आजपासून प्रॅक्टिस.

यासीनभाई : मी उतरवतो. पण ते बघ, लडकूकाका रस्ता ओलांडून आले. बापाला तू सांभाळ.

लडकू : कशी हाय? बोल ना. अरे, तोंड का पाडलास?

दौलत : बाबा, हँडल वर कुणी फिरवलं?

लडकू : मी. आपल्या हातानं. ता खाली वाकलेला हँडल बगून सगला गाव बोलला, पोराच्या छातीत पानी झाला ता यानंच. वाकून वाकून छाती चेपली, पान्याला जायाला वाटच न्हाय.

दौलत : पहिलं कोण बोललं?

लडकू : गोदूभाव.

दौलत : गोदूभाऊ उभ्या जन्मात सायकलवर बसलेला नाही.

लडकू : म्हनून तं त्याची छाती ठीक हाय.

दौलत : आणि मी बारा-बारा तास लूमवर उभा असायचो, नाकातोंडात कापूस जायचा, खोकून खोकून मरायचो, त्याला कुणी काही नाही बोललं?

लडकू : लूम म्हंजे सावलीतला काम. पगाराचा. त्याला कसा बोलायचा?

यासीनभाई : काकांचं बरोबर आहे. शेठला नाव ठेवण्यापेक्षा हँडलला ठेवलेलं बरं. हँडल कुणाला ड्युटीवरून काढत नाही.

लडकू : आनि रामनाथ पन त्याच बोलला. काल्हेरचा. दोनदा आला, सफरचंद घेऊन. दुसऱ्या टायमाला पाना पन त्यानंच आनला.

दौलत : रामनाथने पाना आणला? बाबा, गेल्या साली मला हरवलं ते त्यानेच!

लडकू : म्हनूनच तं त्याला सायकलीतला कलतं.

दौलत : त्याचं स्वतःचं हँडल वर आहे का? बघितलंस कधी?

लडकू : ता न्हाय बगितला.

यासीनभाई : परवाच इथे आला होता. त्याचं अजून दोन बोटं खाली करून घेऊन गेला.

लडकू : मना वाटला, आपला मानूस.

यासीनभाई : दिल पे मत लो काका. सफरचंद तरी चांगली होती ना? चला, हे मडगार्ड गेले. आरसा गेला. डायनॅमो गेला. चेनकव्हर गेलं. स्टँड पण सुटला. आता राहिला कॅरियर.

लडकू : कॅरियरला हात लावायचा न्हाय.

दौलत : तो कुणी दिला? पोलीस पाटलाने?

लडकू : माझा हाय. मी बसवला. कुनाला न इचारता.

दौलत : अरे बाबा, शर्यतीत मागे बसणार कोण?

लडकू : तुना इस्पितलात कसा नेला, म्हाईत हाय?

दौलत : टेंपोतून. आई बोलली.

लडकू : आयनी तुझी लाज राखली. टेंपो व्हता कुठं? यष्टी आली न्हाय, बैलगाडी चिखलात रुतली. मना तं सायकल चालवाया येत न्हाय. तुना हिच्यावर आडवा टाकला, आयच्या लुगड्यानं बांदला नि आपल्या राहनालपासून इस्पितलापर्यंत ढकलत आनला. अंगात ताप, डोला उघडत न्हाय. सहादा घसरलास. दर टायमाला उचलताना मना भ्या वाटायचा, का आता उचलतु ता माझा पोर हाय का मयत. हिला मागं बसायला जागा असती तं...

यासीनभाई : पाना मी खाली ठेवला, काका.

दौलत : मला कुणी सांगितलं नाही बाबा हे.

लडकू : सांगायचा काय त्यात?

दौलत : पण आता मी बरा आहे. डॉक्टरांनी छातीला नळी लावून ऐकलं.

लडकू : अर्धा मिनिट. माझी नजर घड्यालावर व्हती. बाजारात म्हस पन त्याच्यापेक्षा जास्त टायम बगतात.

दौलत : यासीनभाई, हँडल खाली कर. कॅरियर राहू दे. शर्यतीच्या सकाळी काढू.

यासीनभाई : पागल झाला काय? लोखंडी आहे, दोन किलो वजन ओढशील रोज.

दौलत : दोन नाही, साठ धर. बाबा, बस मागे.

लडकू : मी? तुना दम लागंल!

दौलत : डॉक्टर बोललेत हळूहळू चालव. तू बसलास की आपोआप हळूच जाणार.

(राहनाळच्या रस्त्यावर, दोघे सायकलवर.)

लडकू : खड्डा हाय.

दौलत : दिसतोय.

लडकू : लोक बगतात.

दौलत : बघू दे.

लडकू : ता बग, समोरून रामनाथ येतंय. हात करतंय. हसतंय मेला.

दौलत : हसू दे. त्याला तीन आठवडे हसायला दिलेत. बाबा, पाठीला डोकं का टेकवलंस? झोप आली?

लडकू : न्हाय.

दौलत : मग? मला दम नाही लागलेला, खरंच सांगतो. बघ, चढ आहे तरी मी...

लडकू : तू बोलू नको. मना ऐकू दे.