नकाशात नसलेला धुरा

सरकारी नकाशा म्हटला की माझं डोकं फिरतं, तुम्हाला माहीतच आहे. केशोरी गावातही मी भांडायचं ठरवूनच गेलो होतो. पावसाचं पाणी कुठून वाहील आणि किती माती नेईल, याचं गणित कम्प्युटरने मांडलं होतं, आणि तिथल्या अनुसयाकाकूंची धानाची बांदी, म्हणजे भातखाचर, त्यात लालभडक आली होती. लाल म्हणजे धुपणारी जमीन. तिथे मधोमध चर खोदायचा, असा हुकूम. म्हणजे काकूंची अर्धी बांदी गेलीच.

लॅपटॉप घेऊन आलेली इंजिनिअर तरुण होती. मी तोंड उघडणार, तेवढ्यात काकूंनीच तिला विचारलं, "बाई, याच्यात माहा धुरा कोठं हाये?"

"धुरा म्हणजे बांध ना? तो फार बारीक आहे काकू, उपग्रहाला दिसत नाही."

"उपग्रहाले नाही दिसत, पण पाण्याले दिसते ना! माह्या लग्नापासून अडवून राहिला तो पाणी."

पोरगी टेप घेऊन उठली. मग दिवसभर काकूंच्या मागे धुऱ्याधुऱ्याने फिरली, प्रत्येकाची उंची मोजली. संध्याकाळी सगळ्या धुऱ्यांची मापं कम्प्युटरात भरून गणित पुन्हा चालवलं, तर नकाशात बांदी हिरवीगार, म्हणजे सुरक्षित!

काकूंनी पडद्याकडे पाहून नाक मुरडलं. "हे त मी सकाळीच सांगतलं. मंग कम्प्युटर कायले पायजे?"

"आमच्या साहेबांसाठी, काकू," ती म्हणाली. "ते ना तुमचं ऐकतात, ना माझं."