मेंदूला मारलेली थाप

नाही, गोळी घ्यायची तर घेते, पण माझ्याच डोक्याला थापा मारणारी गोळी? तुम्हाला सांगते, मी कारखान्याचं स्टोअर सांभाळते, थापा मला लांबून कळतात! धाकटी आत्ता कुठं शाळेत जायला लागली, मला मुख्य स्टोअर द्यायचं घाटतंय, आता तिसरं मूल नको म्हणून गेले डॉक्टरीणबाईंकडे. त्या आपल्या गोड आवाजात, "हे बघा, रक्तात हॉर्मोन किती आहे ते मेंदू सारखं तपासत असतो. कमी दिसलं की बीजकोशाला हुकूम सोडतो, बीज तयार कर. गोळीतून हॉर्मोन मिळालं की त्याला वाटतं, आहे की भरपूर! मग हुकूमच सुटत नाही." म्हणजे कप्प्यात बाहेरचा माल भरून ठेवायचा आणि मागणी अडवायची! अहो, आमच्याकडे असं करणाऱ्याला घरी बसवलं... आता सांगा, संशय येणार नाही?

बरं, गोळी सुरू केली, पाळी येत होती महिन्याच्या महिन्याला, म्हणून मी निर्धास्त. तर बाई म्हणतात, ती नेहमीची पाळी नव्हेच. पाकिटातल्या शेवटच्या गोळ्या नुसत्या कोऱ्या, हॉर्मोन थांबलं की गर्भाशयाचं अस्तर सुटतं, एवढंच. म्हणजे पाळीसुद्धा दाखवण्यापुरती! नवऱ्याला सांगितलं, तर तो पेपरातून डोकं न काढता, "चाललंय ना नीट? मग कशाला उकरतेस?" नीट चाललंय म्हणे! नीट चाललंय असं दिसतं तिथंच घोळ असतो हो... आता सांगा, संशय येणार नाही?

मग मनात आलं, हा मेंदू इतके दिवस गप्प आहे, कायमचाच झोपला तर? हुकूम सोडायचंच विसरला तर? आणि स्टोअरमध्ये अशा वेळी मी काय करते? न सांगता तपासणी! तशी इथंही केली. नवं पाकीट आणलं आणि तसंच कपाटात ठेवलं, नवऱ्यालासुद्धा बोलले नाही, तपासणी काय सांगून करतात? आणि तुम्हाला सांगते, मेंदू असा काही ताडकन उठला... हुकूम गेला, बीज आलं, आणि नवरा बिचारा गोळीच्या भरवशावर!

पाळी चुकली. मी म्हटलं, आता ही तरी खरी चुकली का? पुन्हा बाईंकडे. त्या शांतपणे म्हणाल्या, आता गोळी नको, गर्भामुळेच हॉर्मोन वाढलंय, तेच मेंदूला गप्प बसवेल. म्हणजे थाप मारायची ही युक्ती मुळात माझ्याच शरीराची, गोळी नुसती नक्कल करत होती! आणि मी मेली तिच्यावर पाळत ठेवून बसले... मुख्य स्टोअर गेलं ते गेलंच. रडू आलं मला, खोटं कशाला बोलू.

सोनोग्राफीच्या पडद्यावर ठिपका दाखवत बाई म्हणाल्या, "हे बघा, एक आहे." पण एकदा मोजलेलं मला पटतंय होय? म्हटलं, पुन्हा मोजा. त्यांनी मोजलं... आणि पडदा माझ्याकडे वळवला.

जन्मात एकदा माझा संशय खरा निघाला हो, तोही नेमका इथं... दोन आहेत!