बिरूचे दंड आणि आप्पांचा अंगठा

औषधं विकणाऱ्याला एक खोड असते, समोरच्याला सगळं समजावून सांगायची. ती माझी खोड परवा जिरली, ऐका. शुक्रवार पेठेतल्या माझ्या मेडिकलमध्ये आमचा बिरू आला, जिममधला ट्रेनर. त्याला दंड फुगवायची इंजेक्शनं हवी होती. मी नाही म्हणालो, तर म्हणतो, "दुसरीकडनं घेतोयच की." सोबत त्याचे वडील होते, मायाप्पा. अक्कलकोटकडं मेंढरं राखतात. त्यांनी विचारलं, "सायेब, ह्ये आत जाऊन करतंय तरी काय?"

मला चेवच आला. "मामा, आपलं मांस बारीक पेशींचं. औषध पेशीत शिरतं, पार तिच्या केंद्रात जातं आणि हुकूम सोडतं, प्रथिनं बनवा, अजून बनवा! शेजारच्या राखीव पेशीही येऊन मिळतात. दंड जाड होतो."

"दंड कुटला न् काळीज कुटलं, ह्ये कळतंय व्हय त्येला?"

"नाही ना. रक्तातनं सगळीकडं जातं. हृदय म्हणजे मांसच, तेही जाड होतं."

 मग बाजारात मेंढा पारखताना दाबतात, तसा मायाप्पांनी बिरूच्या कण्याशेजारी अंगठा दाबला. बिरू खूश. "कसंय, आप्पा?"

"मांस लई धरलंय की." हात तिथंच ठेवून ते हळू आवाजात म्हणाले, "आमीबी मेंढा फुगवतो, लेका. पर जो पुढल्या म्हयन्यात खाटकाला इकायचा हाय, त्योच. कळपात ठिवायचा त्यो न्हाय."